मुसाजी तेल्याचं शेवटचं पान

दीड वर्ष आयर्लंडला राहून आले म्हटल्यावर अलिबागला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, काय काय पाहिलंत? काय पाहणार, कपाळ! फेब्रुवारी २०२० मध्ये लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेले आणि महिनाभरात जगाची दारं लागली. त्यानंतर माझा आयर्लंड म्हणजे मेघाचं किलकेनीचं घर, मागचं हातभर अंगण आणि पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा. किल्ला पाहिला तो बाहेरून, तोंडाला मास्क आणि चष्म्यावर वाफ धरलेली.

मेघा तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तो हिवाळा तिने कसा काढला ते मी डोळ्यांनी बघितलंय. नात ईरा आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, भूक लागली का गं, आणि तिने तिथल्या हेलात म्हणायचं, "आय ॲम ग्रँड, आजी." उपाशी असली तरी ग्रँड, पोटभर जेवली तरी ग्रँड. असे दिवस चालले होते. सांगण्यासारखा प्रवास घडला तो एकच, जून २०२१ मधला, तीन दिवसांचा, आणि तोही एका पुस्तकापायी.

त्याचं असं झालं. हिवाळा सरता सरता मेघाच्या वॉर्डात मनगट मोडलेली ऐंशीची एक बाई आली. नाव पक्कं तिथलं, मिसेस ब्रेनन. हात सरळ करताना ती कळवळून म्हणाली, "अगो आये, मेले गो!" मेघा जागच्या जागी थबकली. मग चौकशी झाली. बाईंचं माहेरचं नाव हन्ना, मुसाजी तेल्याची मुलगी, जन्म खारवेलीचा. खारवेली म्हणजे माझंच गाव, अलिबाग तालुक्यातलं, खाडीकाठचं.

आपल्याकडच्या ज्यू लोकांना, बेने इस्रायलांना, कोकणात 'शनवार तेली' म्हणायचे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. माझ्या लहानपणी गावात त्यांचं एकच घर उरलं होतं आणि त्या घरात एकच माणूस, मुसाजी. बायको-मुलं माझ्या जन्माआधीच बोटीने इस्रायलला गेलेली. हन्नाबाईंनी मेघाला विचारलं, तुझी आई गावात कोणाची? पोस्टातल्या नानांची, असं मेघाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, आईला माझ्या घरी घेऊन ये, फोनवर नको, फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतो.

पडल्या तेव्हा त्या नवऱ्याच्या पुतणीकडे किलकेनीत होत्या. घर त्यांचं पार पश्चिमेला, शॅनन नदीच्याही पलीकडे, समुद्रावर. जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली, माझे लशीचे डोस झाले, मेघाला सुट्टी मिळाली, तेव्हा कुठे निघालो.

शुक्रवार

ईराला तिच्या बाबाकडे सोपवलं आणि दोघीच गाडीने निघालो. लिमरिकच्या पुढे शॅननचं विमानतळ डाव्या हाताला ठेवून गेलो, तर आकाशात एक विमान नाही. पुढे रस्ता अरुंद होत होत असा झाला की मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर आला. मेघाने गाडी मागे घेऊन कुंपणात घातली, ट्रॅक्टरवाल्याने चाकावरचं एक बोट उचललं आणि तो गेला. मला वाटलं दम देतोय. मी काचेतून मास्तरणीच्या नजरेने बघितलं त्याच्याकडे. नंतर कळलं की इकडचा तो रामराम आहे. पुढच्या चार गाड्यांना मीही बोट उचललं आणि चौघांनीही परत उचललं. आपल्याकडे अनोळखी माणसाला नुसतं बघून हसलं तरी तो मागे वळून पाहतो.

घर बुटकं, पांढरं, मागे काळ्या कातळांचा समुद्र. हन्नाबाई दारात उभ्या होत्या. वीतभर उंची कमी झालेली, केस कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "नानांचं नाक आहे गो तुला." दहाव्या वर्षी गाव सोडलेली ही बाई. त्यानंतर इस्रायल, मग चित्रं शिकायला लंडन, मग तिथे भेटलेल्या आयरिश माणसाशी लग्न. बोलायला मात्र खारवेलीचं मराठी, तेही माझ्या आत्या बोलायच्या तसं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

स्वयंपाकघरात शिरताच म्हणाल्या, युवर मॅन बांगडे ठेवून गेलाय. माझा माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे मी दचकलेच. तिकडे कुणाही तिऱ्हाईताला 'युवर मॅन' म्हणतात, हा शेजारचा कोळी होता. बांगडे मात्र आपलेच, निळ्या पाठीचे. मी वर्षभर पुरवून ठेवलेली आमसुलं काढली आणि डब्यातल्या नारळाच्या दुधात कालवण केलं. दोन तुकड्या तळायला घेतल्या. टेबलावर तेलकट डाग पडलेला एक जाड कागद दिसला, म्हटलं तेल निथळायला बरा आहे, आणि तुकडी त्यावर टाकणार एवढ्यात मेघाने माझा हात धरला. तो कागद म्हणजे हन्नाबाईंच्या पुस्तकाचं पान होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र पोट धरून हसल्या. म्हणाल्या, लंडनमधल्या लोकांनी या चित्रांबद्दल याहून वाईट म्हटलेलं आहे.

जेवल्यावर त्यांनी पुस्तक दाखवलं. पंचवीस-तीस सुटी पानं, जाड पांढऱ्या कागदाची, लाकडी चिमट्यात धरलेली. टेबलावर ठेवलं की कोरा कागद आणि थोडे डाग. मी शाळेत छत्तीस वर्षं काढलेली, चित्र म्हणजे मला डोंगर, नदी, झोपडी. मनात म्हटलं, कसली चित्रकार ही बाई. मग त्यांनी एक पान उचलून खिडकीच्या काचेवर धरलं. तेल प्यालेल्या जागेतून उजेड आत आला आणि तिथे घाणा दिसला, बैल, बैलाच्या डोळ्यांवरची झापड. रंग नाही, पेन्सिल नाही. बोट, केसांची पिन आणि खोबरेल, एवढ्यावर सगळं काढलेलं. एका पानावर खाडी ओलांडायची आमची तर, होडीत माणसं उभी. एकावर घागरी घेतलेल्या बायका. एकावर पाटावरचा मलिदा, पोहे-नारळ-गुळाचा, त्यांच्या नवसाचा, जो गावातली सगळी पोरं हात पुढे करून खायची. मुसाजी जवळजवळ प्रत्येक पानावर होता, पण नेहमी पाठमोरा. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, बोटीवर चढताना शेवटचा बघितला तो पाठमोराच होता. बैल म्हातारा आहे, त्याला कोण घेणार, तो मेला की मी येतो, असं सांगून तो वळला. बैल मेला, दुसरा आला, आबा काही आला नाही.

मग त्यांनी चिमट्याबाहेर ठेवलेली दोन पानं माझ्यापुढे मांडली. शेवटचं पान कोणतं ते ठरत नव्हतं. एकावर तेलाने काढलेला लांबट खड्डा आणि भोवती ओल. दुसरं मेणबत्तीवर धरून जाळलेलं, मधे काळं भोक, कडा कुरतडलेल्या. बरोबर एक पत्र, घडीवर फाटलेलं. अक्षर मी बघताच ओळखलं. ते नानांचं अक्षर होतं, किंचित उजवीकडे कललेलं. "मुसाजी शुक्रवारी सकाळी शांतपणे वारला. सर्व नीट केले आहे. काळजी करू नये."

हे पत्र पोचलं तेव्हापासून, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, हन्नाबाई आणि त्यांचा थोरला भाऊ दानियल भांडताहेत. भाऊ इस्रायलमध्येच राहिला, धर्माचं सगळं कडक पाळणारा. त्याचं म्हणणं, गावात आपलं एक माणूस नव्हतं, हिंदूंच्या लेखी 'नीट' म्हणजे अग्नी, त्यांनी आबाला जाळलं. त्यांच्यात जाळण्याएवढी विटंबना दुसरी नाही. हन्नाबाई म्हणायच्या, नाही, पुरलं असेल. आईने मरताना तेच विचारलं आणि उत्तर न मिळता ती गेली. मधली बारा वर्षं भावंडं बोलतही नव्हती. आता पुस्तक पुढच्या आठवड्यात बांधायला जायचं होतं आणि शेवटचं पान माझ्या तोंडून ठरायचं होतं.

मला तर हायसं वाटलं. मला सगळं ठाऊक होतं, आणि ते चांगलं होतं. मी तोंड उघडलं तर हन्नाबाईंनी हात वर केला. भावाशी ठरलंय, दोघांनी एकाच वेळी ऐकायचं, कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. उद्या शनिवार, तो फोनला हात लावत नाही. रविवारी सकाळी अकराला.

मग त्यांनी पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावली, आईची शुक्रवारची. बाहेर लख्ख ऊन. जूनमध्ये तिथे दहापर्यंत सूर्य मावळत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, मी खारवेलीच्या घड्याळाने लावते.

शनिवार

हन्नाबाई देवधर्म काही पाळत नाहीत, पण शनिवारी तेलाला हात लावत नाहीत. तेल्याची मुलगी आहे, शनिवारी हातच चालत नाही म्हणाल्या. म्हणून तिघी समुद्राच्या कडेने हळूहळू त्यांच्या नवऱ्याच्या कबरीवर गेलो. त्याच वर्षी जानेवारीत तो गेला. तिकडे मयताला अख्खा गाव घरी येतो, रात्रभर प्रेताजवळ बसतात, चहा-सँडविच चालू असतं. हे मला मेघाने आधी सांगितलं तेव्हा विचित्रच वाटलं होतं, आपल्याकडे त्या घरात चूल पेटत नाही. पण त्या हिवाळ्यात कोणालाच घरात यायची परवानगी नव्हती. म्हणून सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून लांब लांब, पावसात उभा राहिला आणि गाडी मधून गेली. कबरही शेजाऱ्यांनीच खणली, तिथली तशी रीतच आहे. बांगडे आणून देणारा कोळी त्यातला एक.

"तो खणत होता," हन्नाबाई म्हणाल्या, "आणि मी म्हटलं, माझ्या आबासाठी हातात कुदळ कोणी घेतली? इतकी वर्षं मी फक्त भांडत होते. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता गो."

मी त्यांचा हात धरला. उद्या कळेल, म्हटलं, उद्यापर्यंत धीर धरा. आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, दानियलभाऊ आज फोनसुद्धा घेत नाहीत का हो? त्या म्हणाल्या, छे, आज त्याच्याकडे काहीच नाही, चूल नाही, गाडी नाही. आमच्यात मयत झालं तरी आजचा दिवस ठेवतात. शनवारी माती देत नाहीत, मोठा दोष.

पुढची वाट कशी चालले मला आठवत नाही.

कारण खारवेलीने मुसाजीला शनिवारीच माती दिली होती, आणि तीही मुद्दाम. तो शुक्रवारी सकाळी गेला. श्रावणाचा पाऊस, तर बंद, खाडीपलीकडच्या त्यांच्या माणसांना निरोप पोचणं अशक्य. संध्याकाळच्या आत उरकता आलं असतं. पण नानांनी आणि चार जाणत्यांनी ठरवलं की शनिवार हा मुसाजीचा वार, जन्मभर त्याने पाळला, तर त्याला त्याच्या वारीच पोचवायचं. म्हणून एक रात्र थांबले. ही गोष्ट आमच्या घरी किती वेळा सांगितली गेली असेल! नाना फार बढाई मारणारे नव्हते, पण हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. म्हणायचे, आपल्यातला असता तर घाई केली असती, मुसाजीचं आम्ही अगदी त्याच्या धर्माने केलं. नाना गेले तेव्हा मीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना हीच गोष्ट सांगितली होती. आणि आता कळलं, सगळ्यात मोठी चूक तीच.

हन्नाबाई दुपारी पडल्या तेव्हा मी मेघाला अंगणात गाठलं. ती म्हणाली, आई, त्यांचा प्रश्न पुरलं की जाळलं एवढाच आहे, पुरलं म्हणून सांग आणि थांब. वार कोण विचारतंय? मी चिडले. म्हटलं, आणि विचारला तर? नानांनी जन्मात कोणाचं पत्र खोटं वाचून दाखवलं नाही, मी त्यांची मुलगी, ऐंशीच्या माणसांशी खोटं बोलू? मेघा म्हणाली, या हिवाळ्यात मी रोज कोणाला तरी फोन करून सांगत होते की तुमचं माणूस गेलं. लोक उपचारांचं काही विचारत नाहीत गं. जवळ कोणी होतं का, एवढंच विचारतात. एवढं बोलून ती आत निघून गेली. त्या हिवाळ्याबद्दल ती माझ्याशी बोलली ती एवढंच, आणि मला तिला जवळ घ्यायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मला घास गिळेना. हन्नाबाईंना वाटलं इकडचं पाणी बाधलं.

रविवार

अकराला टेबलावर फोन उभा केला. पडद्यावर दानियलभाऊ दिसले, पंच्याऐंशीच्या घरातले, डोक्याला छोटी टोपी, समोर वही. डोळे बहिणीचेच. त्यांचं मराठी अडखळत आलं, पण आलं. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या वडिलांनी माझ्या आबाला पुरलं की जाळलं?"

"पुरलं," मी म्हटलं. "तुमच्याच लोकांच्या जागेत, तुमच्या आजोबांच्या बाजूला."

हन्नाबाईंनी तोंडावर हात घेतला आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या. दानियलभाऊ हलले नाहीत. इथे थांबता आलं असतं. मेघा माझ्याकडे रोखून बघत होती. मग त्यांनी विचारलंच, शुक्रवारीच ना, सूर्य मावळायच्या आत?

मी म्हटलं, नाही, शनिवारी. आणि मग मला थांबताच येईना. सगळं सांगितलं, तर बंद होती ते, त्याचा वार म्हणून थांबले ते, मुद्दाम केलं ते. शेवटी म्हटलं, "भाऊ, आम्हाला वाटलं तोच तुमचा मान. मला काल इथे येऊन कळलं की तो दोष आहे. माझे वडील हे मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते."

ते त्यांच्या भाषेत स्वतःशीच काही पुटपुटले. हन्नाबाईंचं रडणं थांबलं होतं. त्या भावाकडे बघत होत्या, आता पुन्हा बारा वर्षं हा बोलणार नाही अशा तयारीने. मग दानियलभाऊंनी हळू विचारलं, "मग ती रात्र आबा एकटा होता?"

एकटा नव्हता. नाना आणि हसनभाई मुलाणी त्याच्या उशाशी रात्रभर बसले होते. त्याच्याच घाण्याचं तेल घालून दिवा ठेवला होता. सकाळी हसनभाईंनी खड्डा खणला, खाली उतरून त्यांनीच त्याला धरून घेतलं.

"आणि प्रार्थना?"

ती कोणालाच येत नव्हती. पण तुमच्यात दहा पुरुष मोजून उभे करतात, तेवढं गावाने जुन्या मयतांना पाहिलेलं होतं. म्हणून नानांनी दहा माणसं गोळा केली. डोक्याला रुमाल बांधून सगळे पावसात उभे राहिले. काय म्हणायचं ते ठाऊक नाही, म्हणून काहीच म्हटलं नाही. तुमच्या प्रार्थनेला लागत असेल अंदाजे तेवढा वेळ नुसते उभे राहिले आणि मग माती लोटली.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, वही जवळ ओढली. म्हणाले, नावं सांगा.

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. नाना. हसनभाई मुलाणी. गोविंद तांडेल. धोंडू न्हावी. रामा भंडारी. बाळू सुतार. महादू माळी. पांडू गुराखी. वामनभट, जे घरी जाऊन आंघोळ करून पुन्हा मुसाजीच्या अंगणात येऊन बसले होते. मग मी अडले. बोटं पुन्हा मोजली. नऊच. डोळे मिटून त्या अंगणात एकेक चेहरा शोधला, दहावा सापडेना. नाना तर नेहमी दहाच म्हणायचे. कदाचित दहावा कोणी नव्हताच आणि बरं वाटावं म्हणून ते दहा म्हणत असतील. मला रडूच कोसळलं. म्हटलं, भाऊ, एक कमी पडतोय, मला आठवत नाही.

दानियलभाऊंचं पेन वहीवर तसंच टेकलेलं होतं.

"कमी नाही," ते म्हणाले. "दहावा मी. लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. मग खुर्चीला धरून ते उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर नुसता त्यांचा सदरा आणि हात दिसत होते, आणि ते ती प्रार्थना म्हणू लागले. हन्नाबाई उठल्या, मेघा उठली, मीही डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. प्रार्थना संपली तेव्हा हन्नाबाईंनी तेलाने काढलेल्या खड्ड्याचं पान उचललं आणि चिमट्यात सगळ्यांत शेवटी लावलं.